नुसता ताळा

स्वारगेटजवळ मी दहावीच्या मुलांची गणिताची शिकवणी घेते. मागच्या वर्षी एका मुलीचा पेपर तपासताना माझं लाल पेन थांबलं. दोन चलांच्या समीकरणांची पाचही उत्तरं बरोबर होती आणि पायरी एकही नव्हती. ना लोप पद्धत, ना आलेख. उत्तर आणि त्याखाली ताळा, बस. कोणाचं बघून लिहिलंस, असं मी सरळ विचारलं. कोणाचंच नाही, म्हणाली. बघून लिहिणारे सगळे हेच म्हणतात.

दुसऱ्या दिवशी तिला एकटीला समोर बसवलं, मोबाइल माझ्याकडे ठेवून घेतला आणि फळ्यावर नवी दोन समीकरणं लिहिली. तिने जरा वेळ पाहिलं, ओठ हलवले आणि लिहिलं : एक्स दोन, वाय तीन. बरोबर होतं. माझा संशय आणखीच वाढला.

"मॅडम, तुम्ही आधी उत्तर ठरवता आणि मग समीकरणं बनवता," ती शांतपणे म्हणाली. "तुमचा एक्स पाचाच्या पुढे कधी जात नाही. मी एकेक आकडा घालून ताळा बघते."

ते खरं होतं, म्हणून मी जास्तच चिडले. तिथल्या तिथे दोन वेडीवाकडी समीकरणं दिली. ती तिने लोप पद्धतीने, एकही पायरी न गाळता सोडवली आणि वही माझ्यापुढे सरकवली.

"उत्तर अपूर्णांकात आलंय, मॅडम. म्हणजे या वेळी तुम्ही आधी उत्तर ठरवलं नव्हतं. तुमचा संशय अजून फिटला नव्हता."