समुद्रातली उसाची ट्रॉली

अन्याय एका मुलीवर झाला. कोल्हारच्या बाजूच्या एका शाळेत, दहावीच्या पूर्वपरीक्षेचे भूमितीचे तपासलेले पेपर परत वाटले त्या शनिवारी, सकाळच्या शाळेत, तिसऱ्या तासाला. करणारे शाळेचे मुख्याध्यापक. पाहणारे आम्ही सगळे. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. बाकी काही लपवणार नाही.

अशी मुलगी तुमच्याही वर्गात असेल. पहिल्या बाकावर बसते, पण हात वर करत नाही. शाळा सुटली की खरी सुरू होते. आमची ही तशीच. पाचनंतर दहावी ‘ब’च्या खोलीत आम्ही गणितात गळपटलेली पोरं जमायचो आणि कुणी वही पुढं केली की ती एकच विचारायची, “काय दिलंय?”

“अगं, येत न्हाई म्हणून तर आलोय.”

“येत न्हाई ते कळलं. दिलंय काय?”

उत्तर ती कधीच सांगायची नाही. पुस्तकाच्या मागं उत्तरं असतात, त्या पानांना तिनं सगळ्यांच्या पुस्तकात स्टेपलर मारला होता. माझ्याही. मी भांडले. “पिना काढल्या तर मला दिसंल,” एवढंच म्हणाली.

तुम्ही म्हणाल, हुशार मुलगी, शिकवायची, त्यात काय विशेष? विशेष होता किरण. किरण दूध घालून शाळेत यायचा आणि पहिल्या तासाला झोपायचा. त्याला गणितात पास व्हायचंच होतं, कारण नापास झाला तर शाळा बंद आणि कायमचं दूध, असं त्याच्या वडिलांनी डेअरीवर चारचौघांत सांगून टाकलं होतं. पोरगं घाबरलं होतं, पण दाखवत नव्हतं.

त्याचं घोडं दीपगृहावर अडलं. तुम्हाला ते गणित आठवत असेल. एक माणूस दीपगृहावरून समुद्रातल्या जहाजाकडे बघतो, दीपगृहाची उंची इतकी, अवनत कोन इतका, तर जहाज किती लांब?

“दीपगृह म्हंजी?”

“समुद्राच्या कडंला उंच असतंय. वर दिवा.”

“मंग त्यो मानूस वर कशाला गेलाय?”

“जहाज बघाया.”

“जहाजवाल्यानं फोन न्हाई केला व्हय?”

दुसरी कुणी असती तर वही मिटली असती. ही उठली, बाकावर चढली. खिडकीतून साखर कारखान्याचं धुराडं दिसायचं. “सोड दीपगृह. धुराड्यावर मानूस चढलाय. खाली उसाची ट्रॉली उभी हाय. आधी सरळ समोर बघ.” किरणनं मान सरळ केली. “आता ट्रॉलीकडं बघ.” किरणनं मान खाली वाकवली. “जेवढी मान वाकली, तेवढा अवनत कोन.”

किरण बराच वेळ मान वर-खाली करत बसला. मग म्हणाला, “एवढंच हुतं?”

त्या संध्याकाळी खोलीतल्या आम्हा सगळ्यांना ते कळलं. मलाही. शाळेनं वर्षभरात जे जमवलं नव्हतं, ते एका बाकावर उभं राहून झालं.

आणि आता घोटाळा ऐका.

पूर्वपरीक्षेत नेमकं तसंच गणित आलं. आमच्या गटातल्या प्रत्येकानं पेन खाली ठेवलं, मान सरळ केली आणि हळूच खाली वाकवली. पर्यवेक्षक बाईंना खोलीभर माना हलताना दिसल्या. त्यांना वाटलं, खुणा चालल्यात. एवढ्यावर भागलं असतं. पण पेपर तपासताना गणिताच्या सरांना दिसलं, की गटातल्या प्रत्येकानं शेवटी लिहिलंय: ट्रॉली धुराड्यापासून इतक्या मीटर अंतरावर आहे.

प्रश्नात ना ट्रॉली, ना धुराडं. चूक सगळ्यांची एक. उत्तर मात्र सगळ्यांचं बरोबर.

शनिवारी मुख्याध्यापक वर्गात आले. पेपर हातात. “समुद्रात उसाची ट्रॉली कशी आली?”

त्यांनी पेपर टेबलावर आपटले.

“मी विचारतोय. कशी आली?”

“सर,” किरण म्हणाला, “कारखान्याला चालली असंल.”

वर्ग हसत सुटला. मुख्याध्यापकांना ते झोंबलं. तेव्हा ती उभी राहिली. “सर, मी सांगितलं हुतं त्यांना असं. पेपराच्या आधी. उत्तर बरोबर हाय ना?”

“इथे उत्तराचा प्रश्नच नाही,” मुख्याध्यापक म्हणाले.

गणिताच्या पेपरात उत्तराचा प्रश्नच नाही, हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं आहे.

निकाल जागेवर. सामूहिक कॉपी. ती पुरवली म्हणून तिला भूमितीत शून्य. आजपासून तिनं प्रयोगशाळेत एकटीनं बसायचं. पाचनंतर दहावी ‘ब’ला कुलूप. आणि माफीनामा दिल्याशिवाय हॉलतिकीट मिळणार नाही. बोर्डाचा पेपर तोंडावर आलेला. ती प्रयोगशाळेत बरणीतल्या बेडकांशेजारी, आणि किरण बाहेर वही घेऊन येरझारा घालतोय.

सोमवारी तिनं माफीनामा दिला. मुख्याध्यापकांनी उघडला तेव्हा मी ऑफिसात हजेरीपट घ्यायला गेले होते, आमचे गणिताचे सरही तिथंच होते. कागदावर लिहिलं होतं:

पक्ष: आमच्या गटाने दीपगृहाऐवजी धुराडे लिहिले.
साध्य: मी कॉपी पुरवली.
सिद्धता:

पुढं कागद कोरा.

“हे काय आहे?”

“सर, लई प्रयत्न केला,” ती म्हणाली. आवाजात चेष्टा नव्हती, गणित अडल्यावर असतो तसा आवाज होता. “पुढची पायरीच येईना. तुमी थोडी मदत करता का?”

मुख्याध्यापकांनी सरांकडं बघितलं. सरांनी कागदाकडं. शनिवारी सर वर्गात होते आणि काही बोलले नव्हते, हे मी इथं नोंदवून ठेवते. पण आता ते म्हणाले, “साहेब, एकाला फळ्यावर बोलावू. नवीन गणित देऊ.”

आम्ही वर्गात गेलो, किरणला फळ्यावर बोलावलं. इमारतीची गच्ची, उंची वीस मीटर, खाली मोटारसायकल, अवनत कोन तीस अंश. किरणनं खडू उचलला. त्यानं मान सरळ केली. खाली वाकवली. धुराडं काढलं, ट्रॉली काढली, चाकांसकट. मग वीस रूट तीन काढून त्याखाली रेघ मारली.

“किरण,” सर म्हणाले, “मोटारसायकल.”

“व्हय सर. ट्रॉली हलली की लावतो.” त्यानं ट्रॉली पुसली आणि तिथं मोटारसायकल काढली.

हॉलतिकीट मिळालं. शून्य तसंच राहिलं. कुलूपही. चूक झाली, असं कुणी तिला म्हणालं नाही. राहिलेले दिवस आम्ही एसटी स्टँडच्या शेडमध्ये बसलो. गाडी आली की आवाजात काही ऐकू यायचं नाही, तेवढा वेळ ती मान वाकवूनच समजवायची, आणि कोपरगाव गाडीचे प्रवासी खिडकीतून आमच्याकडं बघत राहायचे.

किरण पास झाला. भूमितीत काठावर, पण पास. पेढे घेऊन तिच्या घरी गेला तर दाराला कडी. तिचे वडील वायरमन, त्यांची बदली राजूरला झाली होती, टेम्पो सकाळीच गेला होता. पेढ्यांचा पुडा त्यानं शेजारच्या मावशींकडं दिला आणि सायकल हातात धरून चालत परत आला.

याला आता काही वर्षं झाली. गेल्या महिन्यात मी त्या शाळेत शिष्यवृत्तीची पत्रकं वाटायला गेले होते. पाच वाजून गेले होते. दहावी ‘ब’ला कुलूप होतं, आणि पायरीवर दोन मुली मांडीवर वही घेऊन बसल्या होत्या. शिपाई त्यांना उठवत होता. विचारलं तर म्हणाला, “वरून आदेश हाय, ताई. एकत्र बसली की कॉपी शिकतात.”

म्हणून हे लिहिलं. वाचून हळहळू नका, त्यानं कुणाला गणित येत नाही. उद्या संध्याकाळी तुमच्या गावच्या शाळेत जा. खोल्यांना कुलूप असेल तर मुख्याध्यापकांकडं एका खोलीची चावी मागा, पोरांना एकत्र बसायला. नाही म्हणाले तर कारण लेखी मागा. आणि चावी मिळाल्याशिवाय घरी जाऊ नका.