हलू नका, लग्न चालू आहे

हाताचा पंजा वर करून "हलू नका, लग्न चालू आहे!" असं कोणी तुम्हाला उंबऱ्यावरच अडवलं, तर तुम्ही आत मांडव शोधाल. नाशिकला रविवार कारंजाजवळच्या आमच्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की तेच करायचं. आत मांडव नसायचा. टेबलावर एक संगणक, त्यात लग्न उतरवून घेत फिरणारी डीव्हीडी आणि तिच्यापुढे येरझाऱ्या घालणारे भाऊ. जमीन हादरली की डिस्क बिघडते, असं त्यांचं म्हणणं.

भाऊ लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करायचे आणि मी त्यांच्याकडे मिक्सिंगला होते. म्हणजे नवरीवर गुलाबाच्या पाकळ्या पाडायच्या, बदामात जोडपं बसवायचं. तुमच्या कपाटातही तसली एखादी डीव्हीडी असेल. हसू नका, तो बदाम माझाच असायचा.

दुसऱ्याला हलू न देणारा हा माणूस स्वतः मात्र घडीभर स्वस्थ बसायचा नाही. खुर्चीत बसले की पाय हलायचा. उठले की चहा मागवायचे, चहा आला की प्यायचं विसरायचे. पायाला भिंगरी, आणि नशिबाला काम असं की ज्यात नुसतं थांबायचं. मला तर त्यांच्याकडे बघूनच दम लागायचा.

एका वर्षी दसऱ्यानंतर डिस्क बिघडायला लागल्या. डिस्क राइट व्हायची, म्हणजे लिहून पूर्ण व्हायची, पण लावून पाहिली की चित्राचे चौकोन व्हायचे आणि नवरदेव घोड्यावरच अडकून बसायचा. भाऊंनी कोणाकोणावर संशय घेतला नाही? शेजारच्या डेअरीचा फ्रीज, रस्त्यावरचे ट्रक, कोऱ्या डिस्क विकणारा, माझ्या बांगड्या. मी बांगड्या काढून ठेवल्या, तरी नवरदेव काही घोड्यावरून उतरेना. मग त्यांनी राइट करायचा वेग कमी केला. जलद वेगाला ते एसटी म्हणायचे आणि संथ वेगाला बैलगाडी. "ताई, बैलगाडीनेच जाऊ द्या. उशिरा का होईना, पोचेल तरी." बैलगाडीही वाटेत अडकली.

बिघडलेल्या डिस्क दिंडोरीचे तात्या घेऊन जायचे. त्यांची द्राक्षबाग होती. मणी भरायला लागले की पाखरं येतात; सुतळीने डिस्क टांगली की ती उन्हात चमकत फिरते आणि पाखरं बिचकतात. त्याच मोसमात तात्यांच्या मुलीचं लग्न भाऊंनी शूट केलं. त्याच्याही डिस्क एकामागून एक बिघडल्या. तात्यांनी हसत हसत त्याही नेल्या. "पोरीचं लगीन पाखरांनीबी पाहू द्या," म्हणाले.

शेवटी एक डिस्क बरी निघाली. भाऊंनी ती सुरुवातीला पाहिली, मंगलाष्टकांपाशी पाहिली, शेवटी पाहिली आणि तात्यांच्या हातात ठेवली. सगळं लग्न बसून पाहणं त्यांच्या प्रकृतीत नव्हतं. मग नेहमीप्रमाणे कॅमेऱ्यातल्या त्याच कॅसेटवर पुढचं लग्न शूट केलं आणि संगणकातलंही पुसलं. तेव्हा सगळेच तसं करायचे.

संक्रांतीनंतर तात्यांची बायको अचानक गेली.

दिवसकार्य उरकून तात्या दुकानात आले. भाऊंनी पंजा वर केला आणि त्यांचा चेहरा पाहून तो खाली घेतला. तात्यांनी पिशवीतून डिस्क काढली.

"लाइटीच्या पायी धड पाह्यलीच नव्हती ओ. काल लावली. ती जावयाला ओवाळायला ताट उचलती अन् तिथंच अडकती. तोंड दिसतंय, पन हलत नाय. तेवढं कॅसेटवरून काढून द्या, भाऊ."

कॅसेटवर आता सिन्नरचं कोणाचं तरी लग्न होतं. भाऊंनी ते सांगितलं. भाऊंना एका जागी खिळून उभं राहिलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तात्या ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मंग आता ती कुठंच नाय म्हना," एवढंच ते म्हणाले.

भाऊ एकदम किल्ल्या शोधायला लागले. "ताई, उठा. बागेत आहे! त्या बिघडलेल्या डिस्क सगळ्या एकाच जागी थोड्याच अडकल्या होत्या? एखादी ओवाळणीच्या पुढे गेली असेल."

दिंडोरीपर्यंत व्हॅन त्यांनी एसटीच्या वेगाने हाणली. बागेत वाकून वाकून आम्ही डिस्क शोधत होतो. भाऊ एका ओळीतून दुसऱ्या ओळीत धावत होते, डोकं तारांना आपटत होतं, आणि मागून तात्या आपल्या दुःखातही सांगत होते, "घड सांभाळून, भाऊ." डिस्कवर औषधाचे निळसर डाग होते, धूळ होती. पानांच्या सावलीतल्या त्यातल्या त्यात धड होत्या.

दुकानात आणून धुतल्या, पुसल्या, लावल्या. एकही चालेना. आमची नेहमीची चांगली डिस्कसुद्धा ठेचकाळायला लागली. भाऊंनी पेचकस घेतला आणि डिस्क लिहिणारा-वाचणारा तो डबाच उघडला.

आत लालभडक कुंकू होतं. भिंगावरसुद्धा!

मला दसरा आठवला. भाऊंनी यंत्राची पूजा केली होती, झेंडूचा हार घातला होता आणि मुद्दाम ट्रे उघडून आत हळदीकुंकवाची भरघोस चिमूट टाकली होती. "बाहेरून पूजा करून काय उपयोग, ताई? काम तर आतच होतं ना!"

"माझ्याच हातचं," ते म्हणाले, आणि कापसाने भिंग पुसायला लागले.

मग एक डिस्क अडकली, दुसरी अडकली. पुढची एक मात्र वरात ओलांडून आली. पडद्यावर जांभळ्या पैठणीतली तात्यांची बायको ताट उचलत होती. एरवी अशा जागी मी सनई टाकून बाकीचे आवाज झाकायचे. इथे ते राहूनच गेलं होतं. कॅमेऱ्यामागून भाऊंचा आवाज आला, "वहिनी, हलू नका!" तिने थेट आमच्याकडे पाहिलं. "मंग ओवाळू कशी ओ?" म्हणाली आणि ताट सांभाळत खळखळून हसली.

तात्या म्हणाले, "परत लावा." आम्ही परत लावलं. कितीदा ते कोणी मोजलं नाही.

त्यानंतर भाऊंनी एकही कॅसेट पुसली नाही. प्रत्येक डिस्क अथपासून इतिपर्यंत बसून पाहायला लागले. "राइट झाली म्हणजे झाली नाही, ताई. पाहून झाली की झाली." पाय हलत असायचा, जीव नुसता कासावीस. "अजून पंगतीच उठेनात हो यांच्या!" असं पडद्यावर करवादायचे, पण उठायचे नाहीत. मला त्यांचा फार लळा लागला तो तेव्हापासून.

पुढे डीव्हीडी कोणाला नकोशा झाल्या. भाऊही गेले, त्यांच्या घाईच्या स्वभावाला शोभेल असे, उभ्या उभ्या. दुकानात आता मोबाईलची कव्हरं मिळतात. दहाव्याला वहिनींनी, म्हणजे भाऊंच्या पत्नीने, मला बाजूला घेतलं. भाऊंचा चालता-बोलता एखादा तुकडा त्यांना हवा होता. मी सगळ्या कॅसेट पालथ्या घातल्या. अख्ख्या नाशिकची लग्नं होती, भाऊ कुठेच नव्हते. जन्मभर कॅमेऱ्यामागे उभा राहिलेला माणूस दिसणार कुठून? आणि आवाज असेल तिथे मी इमानाने सनई टाकलेली.

मग मी वहिनींना घेऊन दिंडोरीला गेले. तात्या थकले होते. काही न विचारता त्यांनी टीव्हीवर ती डिस्क लावली. वहिनी पदर तोंडाशी धरून बसल्या. पैठणी आली, ताट वर गेलं.

"वहिनी, हलू नका!"

"मंग ओवाळू कशी ओ?"

तात्यांनी रिमोट खाली ठेवला.

"घ्या," ते वहिनींना म्हणाले. "दोघंबी बोलले."