आनंदा मिस्त्रीचं गेज

खडखडणारी मोटार शेडमध्ये आली की आनंदा डुंबरे लगेच पाना हातात घेत नसे. तो लांब पेचकस उचलायचा, टोक चालत्या इंजिनावर टेकवायचा, लाकडी मूठ कानापुढच्या हाडाला लावायचा आणि डोळे मिटायचा. पेचकस चार ठिकाणी फिरवून झाला की म्हणायचा, "तिसरा वाल्व." उघडून पाहावं तर तिसराच वाल्व जळलेला. कल्याणच्या मुरबाड रस्त्यावरच्या त्या पत्र्याच्या शेडीत ठाण्याहूनसुद्धा गाड्या यायच्या, त्या या कानासाठी.

तो मूळचा ओतूरकडचा. एकोणिसाव्या वर्षी माळशेज घाट पायी उतरून कल्याणात आला, हमाली केली, लोहाराचा भाता ओढला आणि लढाईच्या काळात लष्कराच्या छावणीतल्या वर्कशॉपात लागला. तिथे जिपांची इंजिनं दिवसभर उघडीच गर्जत असायची. आनंदाचा कान तयार झाला तो त्या गोंगाटात. लढाई संपली, छावणी रिकामी झाली, बराकींत सिंधमधून आलेली कुटुंबं राहू लागली आणि लिलावात निघालेल्या जिपा लाकडाचे व्यापारी, कंत्राटदार यांच्या दारात उभ्या राहिल्या. चारही चाकांना जोर देणारी ती गाडी चिखलातून निघायची खरी, पण रुसली तर तिची समजूत काढणारा माणूस कल्याणात एकच होता. आनंदा तिला 'पोर' म्हणायचा. "पोरीला काय झालंय बघू," असं म्हणत बॉनेट उघडायचा.

एक्कावन्न सालच्या उन्हाळ्यात त्याला पहिल्यांदा जाणवलं, की इंजिनं हल्ली फारच मऊ चालतात. गाड्या सुधारल्यात असं त्याला महिनाभर वाटत होतं.

त्याची बायको मालन हिच्या मात्र आधीच ध्यानात आलं होतं. ती पाठमोरी बोलली की तो कशालाही "बरं" म्हणायचा. एकदा तिने चुलीकडे तोंड करून विचारलं, भाजीत मीठ जास्त झालं का? तो म्हणाला, "बरं." मग ती मुद्दाम म्हणाली, उद्या तुमचे थोरले भाऊ येणार आहेत. तो म्हणाला, "बरं." थोरल्या भावाला जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मालनने पळी खाली ठेवली. त्याला काही म्हणाली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या समोर येऊन बोलू लागली, एवढंच.

आनंदानेही कुणाला सांगितलं नाही. गवयाचा गळा जावा तसं झालं होतं, आणि गवयाला निदान लोक विचारतात, बसलाय का म्हणून. आनंदा सवयीने पेचकस कानाला लावायचा, डोळे मिटायचा, आणि आत विहिरीतल्या पाण्यासारखी नुसती घुमघुम ऐकू यायची. मग अनुभवाच्या जोरावर जे तोंडाला येईल ते सांगायचा. दहापैकी सात वेळा खरं निघायचं.

जे तीन वेळा खोटं निघायचं, त्यांत डॉक्टर सरोज ताम्हणे यांची जीप सापडली. सरोजबाई ठाण्याच्या शाळामास्तरांची मुलगी. कल्याणात त्यांचा दवाखाना होता, आणि आठवड्यातून तीनदा त्या आंबिवलीच्या पलीकडच्या गावांत जाऊन बायामुलांना तपासायच्या. एका धर्मादाय मंडळाने त्यासाठी लष्करी लिलावातली जीप दिली होती आणि ती चालवायला पोपट नावाचा ड्रायव्हर. ही जीप सात-आठ मैल नीट जायची आणि मग चढावर गुदमरून थांबायची. थोड्या वेळाने आपणहून सुरूही व्हायची. आनंदाने तिचा कार्बोरेटर साफ केला, प्लग बदलले, कॉइल बदलली, पेट्रोलचा पंपही नवा घातला. एकदा रस्त्यावर बंद पडलेली असताना जाऊन पेट्रोल आहे का ते पाहिलं, कार्बोरेटरवर पान्याने दोन टोले दिले, आणि जीप सुरू झाली. त्यामुळे दोष कार्बोरेटरचाच, असं त्याच्या मनाने घेतलं.

मार्गशीर्षात एका दुपारी आंबिवलीपलीकडच्या एका पाड्यावरून सरोजबाईंना बोलावणं आलं. सगुणा नावाची शेतकरीण दोन दिवस अडली होती. बाईंनी तिला जीपमध्ये मागे आडवी घातली आणि कल्याणच्या इस्पितळाकडे निघाल्या. जाणं-येणं धरून सात-आठ मैल झाले होते; पाड्यापासून तीन मैलांवरच्या चढावर जीप थांबली. पोपटाने कार्बोरेटरवर टोले दिले, हँडल मारलं, हात सोलून घेतला, पण जीप हलेना. शेवटी भाताचा पेंढा घेऊन चाललेली एक बैलगाडी थांबवून सगुणाला त्या पेंढ्यावर निजवलं. फर्लांगभर गेल्यावर तिथेच ती बाळंत झाली. मुलगी नीट होती. सगुणाला मात्र इतका रक्तस्राव झाला की ती तीन आठवडे इस्पितळात होती. वाचली, ती बाईंच्या हाताला यश होतं म्हणून.

दुसऱ्या दिवशी पोपटाने हे सगळं शेडीत येऊन सांगितलं. त्याने दोष दिला नाही, नुसतं सांगितलं. आनंदाने तोंडाकडे बघून बघून सगळं समजून घेतलं, हातातलं फडकं ठेवलं आणि तसाच तेलकट कपड्यांनी दवाखान्यात गेला.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या गाडीला काय झालंय ते मला माहीत नाही. मला ऐकू येत नाही. वरीस होत आलं."

सरोजबाईंनी त्याला बसवलं. कान तपासायचा दोन दांड्यांचा लोखंडी चिमटा आपटून तो नाद करत असताना एकेका कानापाशी धरला, मग कपाळावर टेकवला. तपासून झाल्यावर त्याच्या अगदी समोर खुर्ची ओढून त्यांनी सावकाश सांगितलं, की वर्कशॉपातल्या आवाजाने कानाच्या आतली नस झिजली आहे आणि याला औषध नाही. आहे तेवढं टिकावं म्हणून काय जपायचं तेही सांगितलं. आनंदाने मान हलवली. त्याला वाटलं, आता बाई दुसऱ्या मिस्त्रीचं नाव विचारतील.

बाईंनी विचारलं, "डुंबरे, कानाशिवाय इंजिनाचं काय काय कळतं?"

असं त्याला आजवर कुणी विचारलं नव्हतं. तो बोलू लागला. धुराचा रंग, प्लगच्या टोकावरची काजळी, नळीला हात लावल्यावर लागणारी ऊब. आणि लष्करातल्या साहेबांकडे गेजं असायची, घड्याळासारखी, काट्यावर सगळं दाखवणारी. इंजिन श्वास किती ओढतंय, पेट्रोल किती जोराने येतंय, सिलिंडरमध्ये दाब किती आहे. आनंदाने ती कधी वापरली नव्हती. साहेब नळ्या जोडेपर्यंत याचा कान उत्तर देऊन मोकळा व्हायचा.

"मग ती आणा," बाई म्हणाल्या. "मंडळाला मी सांगते. काय आणायचं ते मात्र तुम्हीच ठरवायचं. त्यातलं मला काही कळत नाही."

लष्करी लिलावाचा माल श्रीपाद गुप्ते यांच्या वखारीत मिळायचा. लढाईत ते छावणीच्या भांडारावर कारकून होते. आनंदाने मालनला बरोबर घेतलं. श्रीपादराव भिंतीकडे बघत भराभर बोलायचे आणि ते त्याला उमगलं नसतं. मालनने डोक्यावरचा पदर नीट केला आणि टायरांच्या ढिगांमधून त्याच्यामागे चालू लागली.

श्रीपादरावांनी आधी इंजिन तपासायच्या यंत्राचं एक कपाट दाखवलं. चाकांचं, माणसाएवढं उंच, पुढे काचेखाली काट्यांच्या पाच तबकड्या आणि लाल-हिरवे दिवे. आनंदा त्याच्याभोवती दोनदा फिरला. हात लावून पाहिला. अशी वस्तू शेडीत उभी असेल तर ठाण्यापर्यंत नाव होईल, हे त्यालाही कळत होतं. मग त्याने मालनला विचारायला लावलं, की हे चालत्या जिपेत ठेवता येईल का? श्रीपादराव हसले. याला विजेची जोडणी लागते, फरशी लागते.

"मग नको," आनंदा म्हणाला. "पोर शेडीत कधी बंद पडत नाही. चढावर पडते."

मग हातात मावणारी गेजं निघाली. एकाच तबकडीवर श्वासाची ओढ आणि पेट्रोलचा दाब, दोन्ही दाखवणारी. पहिलं नवंकोरं होतं, मखमलीच्या पेटीत. आनंदाने त्याची रबरी नळी तोंडात धरून हवा ओढली, काटा चढला. सोडल्यावर मात्र तो शून्यावर न येता दोन रेघा अलीकडेच थांबला. त्याने ते पेटीत ठेवलं. दुसऱ्याची नळी ओढून जिभेने बंद केली, तर काटा हळूहळू खाली घसरला. म्हणजे आतून गळका. तिसऱ्याची काच ओरखडलेली, रंग उडालेला. ते ओढून त्याने जिभेने नळी दाबून धरली आणि मालनला बोटांनी खूण केली. मालन मोठ्याने मोजू लागली. पन्नास झाले तरी काटा जागचा हलला नाही. वखारीतली माणसं काम सोडून बघत होती, की हा मिस्त्री रबरी नळी चोखत उभा आहे आणि बायको अंक म्हणते आहे. नळी सोडली तसा काटा थेट शून्यावर गेला.

हेच घेतलं. सिलिंडरचा दाब मोजणारं एक गेज असंच पारखून घेतलं. वीज येते की नाही हे पाहायचा दिवा श्रीपादराव देत होते, तो नको म्हणाला. एक बल्ब आणि दोन तारा, तो घरीच होईल. शेवटी त्यांनी डॉक्टरांच्या नळीसारखी, इंजिन ऐकायची एक नळी पुढे केली. सगळे मिस्त्री ही नेतात, म्हणाले. आनंदाने ती हातात घेतली, टोकावरची धूळ अंगठ्याने पुसली आणि परत दिली. मालन तेवढा वेळ दुसरीकडे बघत होती.

दुसऱ्याच सकाळी त्याने गेज जिपेच्या काचेला सुतळीने बांधलं आणि त्याची लांब नळी बॉनेटखालून पेट्रोलच्या पंपापुढे जोडली. पोपट चालवायला, आनंदा शेजारी. आंबिवलीच्या रस्त्याला काटा दोनच्या रेघेवर स्थिर होता. पाच मैल गेले, सहा गेले. मग काटा हलकेच खाली यायला लागला. दीड. एक. जीप अजून ठणठणीत पळत होती, पण आनंदाने पोपटाचा दंड धरला आणि सांगितलं, आता अर्ध्या मैलात थांबेल. चढ लागला आणि जीप गुदमरली.

पंप तर नवा होता. मग पंपाला पेट्रोल ओढू कोण देत नाही? आनंदाने पोपटाला उठवलं. त्या जिपेत टाकी ड्रायव्हरच्या बैठकीखालीच असते. गादी उचलून त्याने टाकीचं झाकण सैल केलं, आणि तळव्याला जाणवलं, की बाहेरची हवा सर्रकन आत ओढली जाते आहे. त्याने पोपटाकडे पाहिलं.

"आवाज आला?"

"आला की. सुस्कारा टाकल्यासारखा," पोपट म्हणाला. "नेहमीच येतो."

झाकणाला हवा आत जायला बारीक भोक असावं लागतं. मूळचं झाकण नदी ओलांडताना पडलं होतं आणि पोपटाने एका लॉरीचं बिनभोकाचं घट्ट बसवलं होतं. पेट्रोल जाईल तशी टाकीत पोकळी व्हायची आणि पंपाचं काही चालायचं नाही. आनंदा रस्त्याच्या कडेला दगडावर बसला. मागे याच जागी पेट्रोल पाहायला त्याने स्वतः हे झाकण उघडलं होतं. तेव्हाही तो सुस्कारा आला असणार. जीप सुरू झाली ती झाकणामुळे, आणि त्याने श्रेय दिलं कार्बोरेटरला. पूर्वीच्या कानाने ते तिथल्या तिथे पकडलं असतं.

पोपट त्याच्या समोर येऊन उकिडवा बसला, म्हणजे तोंड दिसावं. "भाऊ, झाकण मी बसवलं," तो म्हणाला. "आणि सुस्कारा मला ऐकू येत होता."

मग आनंदाने उठून झाकणाला खिळ्याने भोक पाडलं आणि त्याच दमात दोघं टिटवाळ्यापर्यंत जाऊन आले. काटा दोनवरून ढळला नाही.

सगुणा इस्पितळातून सुटली तेव्हा तिला पाड्यावर सोडायला आनंदा जीपमधून गेला. त्याने तिच्या घरच्यांना सगळं सांगितलं, काही न लपवता. सगुणाच्या सासूने ऐकून घेतलं आणि तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी त्याच्यापुढे ठेवली. क्षमा केली की नाही, ते ती बोलली नाही. भाकरी मात्र दुसरी वाढली.

आनंदाने मग कुणापासून लपवलं नाही. शेडीत येणाऱ्याला तो आधीच सांगायचा, समोर येऊन बोला, मला ऐकू येत नाही. काही गिऱ्हाइकं तुटली. बहिऱ्या मिस्त्रीकडे गाडी कशी द्यायची? काही वर्षांनी त्यांतली अर्धी परत आली, कारण बाकीचे मिस्त्री सुटे भाग बदलत बसायचे आणि हा आधी नळी जोडून काटा दाखवायचा. गिऱ्हाइकाला स्वतःच्या डोळ्यांनी रोग बघायला मिळायचा, हे लोकांना फार आवडलं.

छप्पन सालापासून ठाण्यातल्या एका दवाखान्याच्या दोन जिपाही त्याच्याकडे आल्या. त्या बघायला तो दर बुधवारी ठाण्याला जायचा आणि मालनही जायची. काम आटोपलं की दोघं तलावाच्या काठी बसत. ती शेंगा सोलायची आणि तो त्या दिवशीच्या गाडीची हकीगत सांगायचा, काटा कुठे होता, कुठे आला. आवाजाचा अंदाज राहिलेला नसल्याने तो फार मोठ्याने बोलायचा, आणि येणारेजाणारे वळून बघायचे. मालनने त्याला हळू बोला असं कधी सांगितलं नाही.