बाबांच्या मापाचा दस्ता

जवसाच्या तेलाचा वास बोटांना लागला की साबणानेही तो सहजी जात नाही. बहारीनमधल्या उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या फ्लॅटच्या चिमुकल्या बाल्कनीत, धुळीने पिवळटलेल्या सायंप्रकाशात शिसवाच्या लाकडावर फडक्याने तेल चोळत बसावे, लाकडाच्या पोटातल्या काळसर रेषा हळूहळू उजळून याव्यात, याहून निरुपद्रवी छंद तो कोणता? आणि तरीही गेले वर्षभर माझे हात लाकडावर आणि कान दाराच्या बेलकडे, अशी माझी अवस्था होती.

कारण मी घडवत होतो ती बंदूक होती, ठासणीची. तिच्या नळीला भोक नव्हते, ती नुसती भरीव सळई होती. घोडा आणि चाप दोन्ही लाकडाचे, जागच्या जागी चिकटवलेले. गोळी सोडाच, तिच्यातून मुंगीसुद्धा गेली नसती. पण हे दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसाला कोणत्या भाषेत समजावणार? एसी दुरुस्त करायला कोणी आले की मी ती सतरंजीत गुंडाळून पलंगाखाली सरकवी आणि तो माणूस जाईपर्यंत पलंगावरच बसून राही. सुमेधा, माझी बायको, शांतपणे म्हणे, “ही विमानात नेता येत नाही, घरात दाखवता येत नाही. कुणी पाहिलं तर नोकरी, व्हिसा, मुलीची शाळा, सगळं एका दिवसात खलास. मग करतोयस कशासाठी?” तिचे काय चुकत होते?

मी करत होतो बाबांसाठी. कणकवलीजवळच्या आमच्या गावी बाबांची परवान्याची ठासणीची बंदूक होती. भातात डुकरे शिरली की एक बार हवेत, एवढेच तिचे कर्तृत्व. निवडणूक जाहीर झाली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची, म्हणून बाबा तिला जुन्या धोतरात गुंडाळून एसटीने घेऊन जात आणि निकालानंतर, सासरहून लेक आणावी तशा मायेने, परत आणत. गेल्या निवडणुकीनंतर मात्र त्यांनी ती आणलीच नाही. डोळ्यांना दिसत नाही, हात कापतात, म्हणून परवानाही सोडून दिला. फोनवर म्हणाले, “आता ती सरकाराकडेच बरी.” समुद्रापलीकडे राहणाऱ्या मुलाला अशी वाक्ये फार मोठ्याने ऐकू येतात. त्यांना काहीतरी परत द्यावे असे वाटले, आणि मी वरच्या मजल्यावरच्या हनीफभाईंकडे लाकूड मागायला गेलो. हनीफभाई रत्नागिरीचे, मनामात त्यांचे फर्निचरचे दुकान आहे.

भीतीने जे झाले नाही ते शेवटी भक्तीने केले. खंडेनवमीला हत्याराची पूजा करायची, ही आमच्या घरची रीत. बंदूक पुरी झाली होती. मी तिला पाटावर ठेवले, हळदकुंकू वाहिले, झेंडूची माळ घातली आणि कृतार्थ होऊन तो फोटो इथल्या कोकणवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. परदेशात, बंदुकीचा फोटो, स्वतःच्या नावानिशी! विनाशकाले विपरीत बुद्धी, दुसरे काय?

थोड्याच वेळात बेल वाजली. सुमेधाने माझ्याकडे पाहिले. शेवटी दार तिनेच उघडले. दारात हनीफभाई, घरातल्याच लुंगीवर. “फोटो काढून टाक आधी,” ते आत येत म्हणाले, “हितं बंदुकीची मस्करी चालत नाय, बाबा. पाहणारा भोक बघत नाय, नळी बघतो. लोखंड माझ्याकडे दे. नुसतं लाकूड ऱ्हायलं तर ते लाकूड.” मी फोटो काढून टाकला. सळई त्यांनी त्याच दिवशी नेली. त्यांच्या गोदामाच्या दाराला ती आता अडसर म्हणून लागते. पुढचे कित्येक दिवस मी ग्रुप उघडून पाहत राहिलो, तो फोटो कोणी जपून तर ठेवला नसेल ना?

उरलेला दस्ता, म्हणजे बंदुकीचा सगळा लाकडी भाग, घेऊन आम्ही दिवाळीत गावी गेलो. विमानतळावर बॅग स्कॅनरमधून बाहेर येईपर्यंत जीव टांगणीला होता. तिथल्या माणसाने तिच्याकडे पाहिलेही नाही. बाबांनी दस्ता हातात घेतला, नाकाशी नेला, खांद्याला लावला, गालही टेकवला. मग उजवा हात पुढे केला, तो चापापर्यंत पोचेना. दस्त्याचे माप नेम धरणाऱ्याच्या हातावरून घेतात, आणि मी ते माझ्या आठवणीतल्या बाबांच्या हातावरून घेतले होते. “लांब जाता रे माका,” ते हसून म्हणाले, “थोडो काप.” मी खांद्याला लावून पाहिला, तर तो मला अगदी बेतशीर बसला.

वर्षभर मी बेलला घाबरत होतो. घाबरायचे होते ते कशाला, हे मला त्या पडवीत कळले. मी करवत घेतली. बाबांनी दुसरे टोक धरून ठेवले, त्यांच्या हाताचा कंप लाकडातून माझ्या हातात येत होता. दोन बोटे जाडीचा तुकडा खाली पडला. बाबांनी दस्ता पुन्हा खांद्याला लावला आणि समाधानाने मान हलवली.

तो तुकडा मी इकडे घेऊन आलो आहे. संध्याकाळी बाल्कनीत बसून त्याला तेल चोळतो, बोटांना पुन्हा तोच वास लागतो. आता दाराची बेल वाजली तरी मी तो लपवत नाही. फोन वाजला की मात्र हात थांबतो. पुढच्या सुट्टीत बाबा दस्ता पुन्हा खांद्याला लावतील. तेव्हा तो आणखी किती कापावा लागेल, हे मला आत्ता मोजायचे नाही.