पाठवणीची गाडी

आज लेकीला पुण्याच्या हॉस्टेलवर सोडायला निघाले. चावी फिरवली, तर नुसतं ‘टक्’. त्या आवाजानं मला सटाण्याला, माझ्या पाठवणीत नेऊन सोडलं.

झेंडूनं सजवलेली गाडी अशीच टक् करून थांबली आणि सगळ्यांचं रडणं अर्धवट राहिलं. हॉर्न मात्र खणखणीत वाजत होता. म्हणजे बॅटरी चांगली, तिच्यावरची वायर ढिली. हे बाबांनीच मला शिकवलेलं.

बाबांनी बॉनेट उघडलं, माझ्याकडे चोरून पाहिलं आणि म्हणाले, “काम लय मोठं हाय. आधी सगळ्यांना चहा टाका.” मी हसू दाबलं. तासभर हसणं-खिदळणं झालं, मग त्यांनी वायर घट्ट केली.

तेव्हा मला ती नुसती गंमत वाटली होती.

आज बॉनेट उघडलं. वायर ढिलीच होती.

“काय झालंय गं, आई?”

“काम मोठं दिसतंय,” मी म्हणाले. “चल वर, चहा टाकते.”