हिराचा मार्का

वेंगुर्ल्याहून माझी बोट सुटली तेव्हा दादा, तू बंदरावर आला नाहीस. रागावला होतास. बाबा आले होते, नखांत गणपतीचा रंग तसाच. म्हणाले, "रंग कसलोय आसांदे, हात आपलो ठेव." आईने सोलांची पुरचुंडी हातात कोंबली आणि तोंड फिरवलं.

मागे राहिलेल्यांना वाटतं, आम्ही इकडे चैनीत आहोत. जे आले ते मे महिन्यात गावी येऊन तशाच बाता मारतात, मीही मारल्या. आज खरं लिहितो.

ठाण्यात पाट्या रंगवू लागलो. माझा हेल ऐकून दुकानदार हसायचे, म्हणून सहा महिन्यांत तो टाकला. पुढे स्वतःला कमर्शियल आर्टिस्ट म्हणवू लागलो आणि डोंबिवलीत दोन खोल्या घेतल्या. शेजारी सगळे कचेरीत जाणारे. त्यांच्यासारखं बोलायची, नाक मुरडायचीसुद्धा सवय लागली. वाण नाही पण गुण लागला.

तेव्हा हिरा पाटी करून घ्यायला आली. कळव्याची आगऱ्याची मुलगी, बाप मिठागरावर. ठाण्यात शिवणकामाच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला होती. फॅशनची मासिकं जमवायची. बापाने रस्त्यालगतची खोली दिली होती, पण दिवाळीपर्यंतच. दुकान चाललं तर ठीक, नाही तर लग्न.

तिला स्वतःचा मार्का हवा होता. पाटीवर, पावतीवर आणि पोलक्याच्या गळ्याशी शिवायच्या फितीवर एकच चित्र. ते तिने स्वतःच काढून आणलं होतं: मिठागराच्या बांधावर उभी बाई, गुडघ्यापर्यंत कासोटा घातलेलं लुगडं आणि अंगात फुग्याच्या बाह्यांचं झकास पोलकं.

मी हसलो. अगदी त्या दुकानदारांसारखा.

"अगं, हे बघून ठाण्याच्या बायका आत येतील का?"

"पन आमच्या गावच्या बायांचं पन शिवायचं हाय ना?"

"त्या कुठे जातात! त्या आपल्याच."

आपल्याच म्हणताना जीभ अडखळली नाही माझी. मी पाचवारी साडीतली, काळा चष्मा लावलेली, छत्रीवाली गोरी बाई काढली. हिराने कागद उजेडात धरला.

"ही बाई कोन हाय? मना तं कंदी दिसली नाय."

"दिसेल," मी म्हटलं. तिने मान हलवली. मी शिकलेला, शहरातला. तिने माझ्यावर विश्वास ठेवला.

श्रावणात पाटी लागली. ठाण्याच्या दोन-चार बायका आल्या, पाटीवरून हिराकडे आणि हिराकडून तिच्या आईच्या लुगड्याकडे बघून "नंतर येऊ" म्हणत गेल्या. गावच्या बाया जुनी चोळी मापाला घेऊन यायच्या आणि रस्त्यावरच थबकायच्या. हिराची सख्खी मावशी मला विचारत होती, "त्या मडमेच्या दुकानात आमाला घेतील काय?" माझ्या चित्राने तिला भाचीच्याच दारात परकं केलं होतं. पाटी उतरवून पुन्हा रंगवायला दोन दिवस लागले असते. पण चूक कबूल करायची लाज वाटली. पाटी तशीच ठेवली.

दिवाळीनंतर खोलीला कुलूप लागलं. माघात हिराला दिवा गावात दिली. लग्नाचं बोलावणं आलं होतं, मी गेलो नाही.

गेल्या वर्षी कल्याणच्या बाजारात भेटली. दोरे घेत होती. शिवतेस का, विचारलं.

"शिवते. ओटीवर बसून. घरच्यांचं, शेजारच्या बायांचं."

"पाटी करून देतो. तुझ्याच चित्राची. फुकट."

ती हसली. त्या हसण्यात राग असता तर बरं वाटलं असतं.

"तवा पायजे होती, पेंटर. आता कशाला? मना समदी वलखतात."

दादा, तू पत्रात विचारतोस, तिकडे आता घरासारखं वाटतं का. घर आहे. भाडं वेळेवर जातं, दारावर माझ्या नावाची पाटी आहे, मीच रंगवलेली, अक्षर बघत राहावं असं. परवा ती पुसायला काढून ठेवली आणि दारात उभा राहिलो. समोरच्या खोलीतले गृहस्थ जिना चढून आले. तीन वर्षं रोज समोरासमोर राहतो आम्ही. चष्मा सावरत अदबीने म्हणाले, "आपण कोणाकडे आलात?"