आत्याच्या लग्नाचा पूर्वार्ध

आमच्या घराण्यात कॉलेजात जाऊन पदवी घेऊन बाहेर पडलेली मी पहिली. हे मी न विचारता सांगते, कारण विचारत कुणीच नाही. बी.ए., सेकंड क्लास, एकही विषय न राहता. या पदवीचा घराण्याला आजवर एकच ठळक उपयोग झाला, तो म्हणजे मी एक जुनं पिक्चर हुडकून काढलं. पिक्चर इतकं टुकार आहे की ते हरवलं होतं याबद्दल खरं तर नवस फेडायला हवा होता. पण त्यात माझ्या आत्याचं लग्न होतं. म्हणजे अर्धं.

हे अर्ध्याचं प्रकरण आधी सांगते.

आमचं गाव प्रवरेच्या काठी, कोल्हारच्या अलीकडे. आत्या सतरा-अठराची असताना गावात पिक्चरवाले आले. गोष्ट अशी होती: शहरातला श्रीमंत मुलगा गाडीवान बनून खेड्यात येतो, शहरातलीच श्रीमंत मुलगी मास्तरीण बनून त्याच खेड्यात येते, आणि एकमेकांना गरीब समजून दोघं प्रेमात पडतात. श्रीमंत समजून पडले असते तर पिक्चर पंधरा मिनिटांत आटोपलं असतं. नायक उभ्या उसात शिरून गाणं म्हणतो. आमच्याकडे उसात शिरलेला माणूस गाणं म्हणत नाही, खाजवतो. नायिका घागर घेऊन नदीवर जाते आणि प्रत्येक वेळी ती न भरताच परत येते. नायकाचा एक जाडा मित्र आहे. त्याचं काम खाणं आणि पडणं. हे सगळे त्या काळी नट म्हणून पोट भरत असावेत. आज त्यांची नावं त्यांच्या नातवंडांनाही सांगता येणार नाहीत, आणि पिक्चर पाहिल्यावर मी नातवंडांना दोष देणार नाही.

शेवटी अर्थातच लग्न. त्या दिवशी ऊन कडक होतं आणि नायिकेचं डोकं दुखत होतं. दिग्दर्शक म्हणाला, लांबून घ्यायचंय, पाठमोरी कुणीही चालेल. आत्या नायिकेच्या उंचीची निघाली. मग नायकाला वाटलं, ती सावलीत तर मी का उन्हात. त्याच्या मापाचाही एक जण निघाला. पिक्चरला बैलजोडी आणि गाडी देणारा शेजारच्या वाडीचा तरुण. दोघांना बाशिंगं बांधून अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभं केलं.

दिग्दर्शकाची चूक एवढीच झाली की त्यानं लग्नाला गावचे खरे भटजी बोलावले.

"गुरुजी, थोडक्यात म्हणा," दिग्दर्शक म्हणाला.

"थोडक्यात म्हणायला ते काय तुमचं गाणं आहे?" भटजी म्हणाले, आणि त्यांनी एकूण एक मंगलाष्टक म्हटलं. आत्याचा मामा रीतीप्रमाणे तिच्या पाठीशी उभा राहिला. कॅमेऱ्यातली फिल्म संपली, मंगलाष्टकं संपली नाहीत. आणि गाव तर काय, लग्नाला रिकाम्या हातानं कसं जायचं म्हणून आहेर घेऊन आलं होतं. कुणी तांब्या, कुणी परात, कुणी खण. पिक्चरवाल्यांना वाटलं, सजावटीला सामान आणलंय. कॅमेऱ्यात छान दिसेल असं मांडून ठेवलं. संध्याकाळी माझी आजी ते सगळं पाटीत भरून घरी घेऊन आली.

तिथं गाठ बसली. पिक्चरवाले गेले आणि पारावर चर्चा सुरू झाली, पोरीचं लग्न लागलं का नाही. भटजींना विचारलं. ते म्हणाले, मंत्र माझे खरेच होते, पण कन्यादान नटाच्या हातून, होम नाही, सप्तपदी नाही. तेव्हा अर्धं लागलं. गावानं याहून सरळ हिशेब केला. आहेर घेतला ना? मग लागलं. आता दुसऱ्याशी लावायचं तर आमचे आहेर परत करा. परातीत तोवर भाकऱ्या थापायला सुरुवात झाली होती.

अर्धी लागलेली मुलगी कोण करणार? त्यातून त्याच उन्हाळ्यात आजोबा गेले. घरात असं झालं की लग्न वर्षाच्या आत, नाहीतर पुढं तीन वर्षं थांबायचं. मग मोठ्या माणसांनी तोडगा काढला. गाडीवाल्या तरुणालाच विचारलं, तो व्हय म्हणाला, आणि राहिलेलं अर्धं लग्न आमच्या अंगणात उरकलं. होम, सप्तपदी, कन्यादान चुलत्याच्या हातून. मंगलाष्टकं परत म्हणायला भटजी तयार होईनात, एकदा म्हटलीत म्हणाले. गाव आलं नाही, आहेर एकदा दिलाय म्हणालं. असं काटकसरीचं लग्न तालुक्यात दुसरं झालं नसेल.

तर माझ्या आत्याच्या लग्नाचा पूर्वार्ध पडद्यावर आहे आणि उत्तरार्ध अंगणात. अंगणातल्याचा फोटो नाही. आणि तिला आयुष्यभर पाहायचा होता तो पूर्वार्धच, तोही नवरा पाहायला नाही. नवरा रोज दिसत होता. तिला पाहायचं होतं, आपला बाप आपल्या लग्नात होता का.

कारण आजोबांनी त्या दिवशी सकाळी सांगितलं होतं, "पोरीचं लगीन म्हंजी खेळ हाय का? मी येनार न्हाई." आणि खांद्यावर फावडं टाकून ते मळ्यात गेले. अंगणातल्या लग्नाला ते हयात नव्हते. मधल्या दिवसांत हा विषय त्यांनी काढला नाही, आणि बापाला विचारायची पोरीची छाती झाली नाही. आत्याचं म्हणणं, अक्षता पडताना पाठीमागून बापाचं खाकरणं ऐकू आलं. मागं वळून बघता आलं नाही, कारण दिग्दर्शक ओरडत होता आणि डोळ्यांपुढं अंतरपाट होता.

माझे वडील तिचे धाकटे भाऊ. त्यांचं मत पक्कं. "बा आला नव्हता. मीच त्याला मळ्यात भाकरी घेऊन गेल्तो. सांजच्याला गेलो तर भाकरी तशीच. हातबी लावला नव्हता. येवढा रागावला हुता बा."

"खाकरला हुता," आत्या म्हणायची.

"खाकरायला गावात एकटा आपला बाच हुता का?"

हा संवाद मी लहानपणापासून प्रत्येक दिवाळीला, प्रत्येक भाऊबीजेला ऐकला. ओवाळणीच्या ताटात कुंकू असायचं, करदोटा असायचा आणि हा संवाद असायचा.

पिक्चर कुणीच पाहिलेलं नव्हतं. नगरच्या थेटरात लागल्याची बातमी आली, तेव्हा निम्मं गाव गाड्या जुंपून गेलं. पोचेपर्यंत ते उतरून पौराणिक लागलं होतं. आलोच आहोत तर म्हणून ते पाहून लोक परत आले. आणि सगळ्यात कळस म्हणजे पिक्चरचं नाव कुणालाच ठाऊक नाही. पिक्चरवाले महिनाभर राहिले, जेवले, गावातली दोन कोंबडी रोज संपवली. नाव कुणी विचारलं नाही. पाहुण्याला गावात नाव विचारतच नाहीत, कुणाकडं आलात एवढंच विचारतात. गावात त्याला 'आपलं पिक्चर' म्हणत. 'आपलं पिक्चर' असं मोबाईलवर शोधून बघा, काय काय निघतं ते.

"बीए झालीस न्हवं?" आत्या मला म्हणाली. "मग हुडीक."

मी नगरला सावेडीत राहते. संध्याकाळी बायका मैदानाला चकरा मारायच्या, मी जुनी पिक्चरं बघत बसायची. पूर्ण नाही, पहिला थोडा भाग. नदी दिसली तर पुढं. नदीवर आमचा घाट नसला तर बंद. या व्यासंगातून मला कळलं की त्या काळी मराठी नायिका सगळ्याच घागर रिकामी आणत. शेवटी एकदा आमचा घाट दिसला. डाव्या हाताला वाकडा वड, वरच्या अंगाला महादेवाचं देऊळ, आणि पायरीवर नायिका घागर बुडवायचं विसरून लाजतेय. कुणा हौशी माणसानं जुन्या प्रतीवरून ते इंटरनेटवर चढवलं होतं. खाली दोनच शेरे होते. एकानं विचारलं होतं, ही हिरोईन कोण? दुसऱ्यानं लिहिलं होतं, माहीत नाही. कलावंताच्या कारकिर्दीचा एवढा नेमका आढावा मी दुसरीकडं वाचलेला नाही.

मी पुढं पाहिलं नाही. आत्याच्या आधी आपण बघणं बरं दिसलं नसतं.

रविवारी सगळे आमच्या फ्लॅटवर आले. आत्या नवी काठापदराची साडी नेसून, जणू लग्नालाच. तिचा नवरा, म्हणजे आमच्याकडच्या रीतीनं माझे मामा, कानानं अधू. त्यांना फक्त आपली बैलं बघायची होती. वडील आले ते आधीच हात बांधून खुर्चीत बसले. मी मोबाईल टीव्हीला जोडला.

"किती मोठं हाय गं?" आत्यानं पिक्चर सुरू होताच विचारलं.

"दोन तासांचं."

"लगीन कवा हाय?"

"शेवटी."

"मग आदी कशाला दावतीस?"

मी म्हटलं, आत्या, एवढं केलंय तर नीट बघू. ही माझ्यातली बी.ए. बोलली. सगळे दोन तास मुकाट्यानं बसले. नायक गाडी हाकताना बैलं दिसली तेव्हा मामा एकदाच म्हणाले, "डावा आपला सर्जा." मग गाडी गेली आणि तेही डोळे मिटून बसले. जाडा मित्र पडला, परत पडला. कुणी हसलं नाही. वडील म्हणाले, "ह्याला उठायला कुनी सांगितलं?"

लग्न आलं. मांडव, अंतरपाट, पाठमोरी आत्या, समोर अंतरपाटाआड बाशिंगाचं टोक म्हणजे मामा. अक्षता पडल्या. आत्या टीव्हीच्या इतकी जवळ गेली की आम्हाला तिच्या अंबाड्यापलीकडं काही दिसेना. तिला मागं ओढलं, पिक्चर मागं नेलं, परत पाहिलं. गावातले पागोटेवाले ओळखू येत होते. हा पाटील, हा सुतार, हा अमक्याचा आजा. सगळे मेलेले, सगळे तांदूळ फेकताहेत. आजोबा नव्हते.

"झालं?" वडील म्हणाले. आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता, हे मी त्यांच्या बाजूनं नोंदवते.

आत्या पदर सारखा करून पुन्हा खुर्चीत बसली. मी बंद करायला हात पुढं केला.

"असू दे," मामा म्हणाले. त्यांना ऐकू न आल्यामुळे काय घडलंय ते कळलंच नव्हतं. "जेवनाच्या टायमाला माजी बैलं सोडल्याली दिसतील."

म्हणून पंगत पाहिली. पत्रावळी मांडलेल्या, जाडा मित्र मांडी घालून बसलेला, तोंडानं नको-नको म्हणत पत्रावळीवर आडवा हात धरलेला. हे त्याचं विनोदाचं काम. आणि मागून एक उंच माणूस बादली घेऊन आला. फेटा खाली ओढलेला, तोंड अर्धं झाकलेलं. त्यानं त्या आडव्या हाताकडं बघितलंसुद्धा नाही. पळीभर गरम वरण त्या हातावरच ओतलं आणि पुढच्या माणसाकडं गेला. जाडा नट खरंच दचकला. हात झटकला, तोंड वासलं, बोलायचं विसरला. दोन तासांत तो पहिल्यांदा नट वाटला. आम्ही सगळे हसलो, मामासुद्धा.

आत्या हसली नाही. "मागं घे," ती म्हणाली.

मी मागं घेतलं.

"हात बघ."

पळी डाव्या हातात होती.

आमचे आजोबा डावरे. गावच्या पंगतीत डाव्या हाताचं वाढणं कुणी पानात घेत नाही, म्हणून त्यांना आयुष्यात कुठल्या पंगतीत वाढायला उठू दिलं नव्हतं. सख्ख्या भावाच्या लग्नातही त्यांना लाकडं फोडायला बसवलं होतं. या पंगतीत सगळे पिक्चरवालेच बसलेले, त्यांना यातलं काय ठाऊक? त्यांना वाढपी हवा होता. आणि मुलीच्या बापानं पंगतीत फिरून आग्रह करायचा असतो, नको म्हणणाऱ्याला वाढायचं असतं, हे आजोबांना ठाऊक होतं.

टीव्हीवर ते रांगेच्या शेवटापर्यंत गेले. शेवटच्या पानापुढं वाकून बादली खाली ठेवली, आणि दोन्ही हात जोडून पंगतीला नमस्कार केला. हे नक्कीच कुणी सांगितलेलं नव्हतं, कारण कॅमेरा तोवर नायिकेकडं वळायला लागला होता.

पिक्चरचं संगीत वाजत होतं. तेही वाईटच होतं.

मग मी वडिलांना विचारलं, "तुम्ही भाकरी त्यांच्या हातात दिली होती का?"

"झाडाखाली ठिवली," वडील म्हणाले. "बा पान्यावर आसंल म्हनलं. मला शूटिंग बगायला पळायचं हुतं." मग म्हणाले, "पन भाकरी तशीच हुती."

"तशीच असनार," आत्या म्हणाली. "कन्यादान हुईस्तवर बाप जेवतो का? उपास हुता त्याचा."

वडिलांनी बांधलेले हात सोडले. पिक्चरमधल्या कन्यादानाला एका भाड्याच्या नटानं बाप होऊन पाणी सोडलं होतं, आणि खरा बाप उपाशी राहून वरण वाढत होता. वडील उठले, चष्मा पुसायला म्हणून गॅलरीत गेले. तिथून म्हणाले, "बादली आपल्याच घरची हाय. कडी तुटक्याली."

मामांना आम्ही कानाशी जाऊन सगळं समजावून सांगितलं. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मंग सासरा हुता म्हना की. आनि माजी बैलं?"

बैलं दिसली नाहीत. नायक-नायिका एकमेकांकडं बघून हसले आणि पिक्चर संपलं. त्या हसण्यावर मी काही बोलणार नाही.

चहा झाल्यावर आत्यानं मला मोबाईल मागितला. त्या पिक्चरखाली काहीतरी लिहायचं म्हणाली. लिहायला येत नाही, तू लिही. मी म्हटलं, काय लिहू?

"वाढपी कोन म्हनून कुनी इचारलंय का?"

"नाही."

"न्हाई तर न्हाई. तू लिव्ह. माजा बाप."

मी लिहिलं. तिसरा शेरा.